जुन्या प्लॅस्टिक खेळण्यांची अवस्था कशी जोखावी? (थांबलेलं नुकसान आणि चालू नुकसान)

जुनीपेटी

विकणारा लिहितो ‘वयाच्या मानाने उत्तम’, आणि घेणारा फोटो मोठा करून ओरखडे मोजत बसतो. ओरखडे खरं तर सगळ्यांत निरुपद्रवी. आज आहे तेवढाच ओरखडा वीस वर्षांनीही असेल. चिकट होत चाललेलं पीव्हीसी किंवा आंबूस वासाचं अ‍ॅसिटेट मात्र बंद कपाटात, कुणी हात न लावताही बिघडत राहतं. त्यामुळे जुनं खेळणं हातात आलं की आधी विचारायचं ते एवढंच: बिघाड थांबलाय की चालू आहे? याचं उत्तर प्लॅस्टिक कोणतं यावर ठरतं, म्हणून सुरुवात ओळखीपासून.

सेल्युलॉइड: विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या बाहुल्या, खुळखुळे. भिंत अगदी पातळ, आतून पोकळ, हातात घेतल्यावर वजनच जाणवत नाही. अंगठ्याने एका जागी दहा-पंधरा सेकंद जोरात चोळा आणि लगेच हुंगा. कापराचा वास आला तर सेल्युलॉइड, कारण ते मऊ करायला कापूरच मिसळत असत.

सेल्युलोज अ‍ॅसिटेट: सेल्युलॉइड पटकन पेट घेतं म्हणून त्याच्या जागी हे आलं. बिघडताना व्हिनेगरचा वास येतो. लेगोच्या विटा १९४९ ते १९६३ याच प्लॅस्टिकच्या होत्या, नंतर एबीएस हे चिवट प्लॅस्टिक आलं. त्या काळातली वीट सपाट काचेवर ठेवली की कडा आत ओढलेल्या दिसतात आणि दोन विटा नीट बसत नाहीत. ही झीज नाही. प्लॅस्टिकच वाकलेलं आहे आणि ते परत सरळ होत नाही.

पॉलिस्टायरीन: जोडणीची विमानं, गाड्या. टिचकी मारली की पत्र्यासारखा खणखणीत आवाज, तुटलं की काचेसारखी स्वच्छ कड. एबीएसचा आवाज जरा दबका, आणि वाकवलेल्या जागी ते पांढरं पडतं. पॉलिइथिलीन मेणचट लागतं, नखाने ओरखडा उमटतो. छोटे सैनिक बहुधा याचेच. मऊ पीव्हीसी म्हणजे बाहुल्यांची डोकी, हातपाय, रबरासारखे प्राणी.

जाणकारांनी भर घालावी. पिवळेपणा, चिकटपणा, सांधे यांवर स्वतंत्र प्रतिसाद आले तर उत्तम.

खटपट्या

ओळखण्यासाठी तापवलेली सुई टोचून धुराचा वास घेण्याची एक जुनी पद्धत आहे. ती चालेल का?

जुनीपेटी

मुळीच नको. सेल्युलॉइडला तापलेली सुई लावणं म्हणजे आग लावणं. बाकीच्या प्लॅस्टिकवर कायमचं भोक पडतं ते वेगळंच. वास, आवाज, स्पर्श आणि घनता या चार गोष्टींत बहुतेक काम भागतं.

रसायनी

घनतेची चाचणी सविस्तर लिहितो, कारण ती अर्धवट केली जाते आणि मग चुकीचे निष्कर्ष निघतात.

दोन भांडी घ्या. एकात साधं पाणी. दुसऱ्यात एक लिटर पाण्यात साधारण ३५० ग्रॅम मीठ. एवढं मीठ जेमतेम विरघळतं, थोडं तळाशी राहिलं तरी हरकत नाही. या द्रावणाची घनता १.२ च्या आसपास येते. दोन्हींत भांडी घासायच्या साबणाचा एकेक थेंब टाका, नाहीतर पृष्ठताणामुळे छोटा तुकडा उगाच तरंगतो.

साध्या पाण्यात तरंगलं तर पॉलिइथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीन, दोघांचीही घनता १ च्या खाली. साध्या पाण्यात बुडून मिठाच्या पाण्यात तरंगलं तर पॉलिस्टायरीन किंवा एबीएस, म्हणजे १.०४ ते १.०७ च्या दरम्यान. दोन्हींत बुडलं तर अ‍ॅसिटेट (१.३ च्या जवळपास), सेल्युलॉइड किंवा कडक पीव्हीसी (दोन्ही १.३५ ते १.४). मऊ पीव्हीसीत प्लॅस्टिसायझर (मऊपणासाठी मिसळलेलं तेलकट द्रव्य) जास्त असेल तर ते सीमेवर येतं, तेव्हा त्याच्या बाबतीत स्पर्शावर जास्त भरवसा ठेवा.

हे सगळं फक्त भरीव, वरून रंग न दिलेल्या, बिनधातूच्या, बिनस्टिकरच्या सुट्या भागासाठी. पोकळ बाहुली आतल्या हवेमुळे तरंगणारच, त्यावरून काही कळत नाही. तुकडा पाण्यात घातल्यावर चिमट्याने हलवून चिकटलेले बुडबुडे काढा. मिठाच्या पाण्यातून काढलं की साध्या पाण्याने धुवून पुसा. अ‍ॅसिटेट ओलावा शोषतं, त्यामुळे त्याचा संशय असेल तर ही चाचणी करूच नका, वासावरूनच ठरवा.

भिंगरी

धन्यवाद रसायनी. याच तरंगण्यावर स्टार वॉर्सवाल्यांचा एक पक्का समज आहे, त्याबद्दल. केनर या खेळणी कंपनीने १९७८ ते १९८५ दरम्यान काढलेल्या पावणेचार इंची बाहुल्यांच्या बंदुका मूळ आहेत की नक्कल, हे पाण्यात टाकून बघतात: तरंगली तर मूळ, बुडाली तर नकली. हा नियम दोन्ही बाजूंनी फसतो. नक्कल करणाऱ्यालाही हलकं प्लॅस्टिक मिळतंच, आणि मूळ शस्त्रंसुद्धा सगळी एकाच प्लॅस्टिकची नाहीत. बुडाली तर संशय घ्या, पण तरंगली म्हणून पावती देऊ नका.

त्यापेक्षा दहापट भिंगाखाली कडा बघा. मूळ साच्यातून आलेल्या तुकड्याच्या कडा धारदार असतात, साच्याच्या दोन अर्ध्यांची शिवण बारीक आणि सरळ असते. मूळ तुकड्यावरून ठसा घेऊन ओतलेल्या नकलेत बारीक खाचा बुजलेल्या दिसतात, कुठे सुईच्या अग्राएवढे हवेचे खड्डे दिसतात, आणि ओतकाम आकसल्यामुळे माप किंचित कमी भरतं. व्हर्नियर कॅलिपरने ०.१ मिमीपर्यंत मोजून खात्रीच्या तुकड्याशी ताडून बघा.

आणि एक, पायावरचं साल. ‘© जीएमएफजीआय १९७७’ असा ठसा म्हणजे १९७७ साली बनलेलं खेळणं नव्हे. तो हक्काचा सन आहे (जीएमएफजीआय म्हणजे जनरल मिल्स फन ग्रुप). तोच साचा पुढे कित्येक वर्षं वापरात राहतो. बनल्याचा काळ काढायचा तर त्याच्या जोडीला देशाचं नाव, ठशाची जागा, खोडलेल्या अक्षरांच्या खुणा असं सगळं एकत्र बघावं लागतं.

नवखा_संग्राहक

वाचनखूण साठवली. एक बाळबोध प्रश्न. पांढरी किंवा राखाडी खेळणी पिवळी पडतात ती उन्हामुळेच ना? मग डब्यात ठेवलेलीही पिवळी का निघतात?

रसायनी

बाळबोध नाही, हाच कळीचा प्रश्न आहे. एबीएसमधला ‘बी’ म्हणजे ब्युटाडाइन, रबरासारखा घटक. एबीएसला चिवटपणा त्याच्यामुळेच येतो, आणि हवेतल्या ऑक्सिजनशी सगळ्यांत आधी संयोगही त्याचाच होतो. अतिनील किरणं हा संयोग सुरू करून देतात, उष्णता त्याला वेग देते. पण एकदा सुरुवात झाली की अंधारातही तो हळूहळू चालू राहतो. म्हणून गरम माळ्यावरच्या बंद खोक्यातली वस्तू पिवळी निघू शकते. धक्का सोसणाऱ्या पॉलिस्टायरीनमध्येही हेच रबर मिसळलेलं असतं, तिथेही हीच गत.

जुन्या संगणकांच्या पिवळेपणाचं खापर ब्रोमीनयुक्त ज्वलनरोधकांवर फोडलं जातं. पण ज्यात असं काही घातलेलंच नाही अशी खेळणीही तितकीच पिवळी पडतात, तेव्हा खेळण्यांपुरता तरी मुख्य आरोपी ब्युटाडाइनच.

पिवळेपणा जोखताना फक्त दर्शनी बाजू बघू नका. बॅटरीचं झाकण उघडा, सांधा पूर्ण फिरवून त्याच्या खाचेत बघा, स्क्रूच्या नळीच्या आत टॉर्च मारा. जिथे उजेड कधीच पोचला नाही तो मूळ रंग. दर्शनी बाजू पिवळी आणि आतली पांढरी असेल तर प्रकाशाने झालेलं वरवरचं नुकसान. आतली बाजूही तितकीच पिवळी असेल तर उष्णतेने सगळं प्लॅस्टिक जुनं झालंय, आणि असा तुकडा ठिसूळ असण्याची शक्यता जास्त. त्याचे खटके उघडताना जपून.

खटपट्या

पिवळेपणावर हायड्रोजन पेरॉक्साइड आहे की! ६ ते १२ टक्क्यांचं द्रावण घ्यायचं, स्टिकर, धातू आणि रंगवलेले भाग काढून तुकडा पूर्ण बुडवायचा, वर अतिनील दिवा किंवा ऊन, तासातासाने उलटापालटा करायचा. ४ ते ८ तासांत फरक दिसतो. ३ टक्क्यांचं घेतलं तरी होतं, फक्त वेळ लागतो. हातमोजे आणि चष्मा हवाच. आणि भांड्याचं झाकण घट्ट लावू नये, ऑक्सिजन सुटून दाब वाढतो. केस रंगवण्याचं पेरॉक्साइड क्रीम फासून वर प्लॅस्टिक गुंडाळतात तो प्रकार टाळा. क्रीम जिथे वाळतं तिथे ढगांसारखे पट्टे उमटतात आणि ते जात नाहीत.

जुनीपेटी

कृती बरोबर लिहिलीत, पण खटपट्या, हा उपचार रंगावर आहे, प्लॅस्टिकवर नाही. ब्युटाडाइनच्या ज्या साखळ्या तुटल्या त्या तुटल्याच. पेरॉक्साइडने फक्त पिवळा रंग देणारे गट फिके पडतात. ठिसूळ झालेला पृष्ठभाग ठिसूळच राहतो, वरून तो निस्तेज होऊ शकतो. काही तुकडे थोड्या वर्षांत पुन्हा पिवळे पडतात, अंधारात ठेवूनही. लाल, निळे तुकडे फिके होण्याचा धोका वेगळाच.

खटपट्या

मान्य, पण मांडणीत ठेवायच्या वस्तूला चिवटपणा कशाला हवाय? पांढरी दिसली की झालं.

जुनीपेटी

स्वतःच्या मांडणीपुरतं ठीक. विकताना मात्र ते सांगितलं पाहिजे, कारण मग ती ‘न पिवळी पडलेली’ वस्तू राहत नाही, ‘पांढरी केलेली’ होते. घेणाऱ्याला ओळखता येतंच म्हणा. नैसर्गिक अवस्थेत झाकलेला भाग सर्वांत पांढरा असतो. इथे उलट होतं: बाहेरचं अंग पांढरंफेक आणि स्टिकरच्या कडेखालून, स्क्रूच्या नळीतून पिवळा रंग डोकावतो. उठावाच्या अक्षरांभोवती पुसट कडी दिसतात. चकाकी एकसारखी नसते: तुकडा दिव्याखाली तिरका धरून हळूहळू फिरवला की कुठे चमक, कुठे खडूसारखी छटा असं दिसतं.

भिंगरी

+१. मेलामाइनच्या पांढऱ्या स्पंजने घासलेले तुकडेही असेच तिरक्या उजेडात उघडे पडतात. तो स्पंज म्हणजे अतिबारीक घासकागदच. डाग जातो, त्याबरोबर मूळ चकाकी आणि छापील रंगही जातो.

नवखा_संग्राहक

आणि चिकटपणाचं काय? बाहुलीचे पाय धुतले की चार दिवस बरे असतात, पुन्हा हाताला लागतात.

रसायनी

लागणारच. पीव्हीसी मुळात कडक असतं. ते मऊ राहावं म्हणून त्यात तेलकट प्लॅस्टिसायझर, बहुतेक वेळा थॅलेट, मिसळतात. मऊ खेळण्यात वजनाचा तिसरा हिस्सासुद्धा तोच असू शकतो. तो प्लॅस्टिकला रासायनिकरीत्या जोडलेला नसतो, साखळ्यांच्या मध्ये नुसता अडकून असतो, आणि वर्षानुवर्षं पृष्ठभागाकडे सरकत राहतो. तुम्ही धुता तो बाहेर आलेला थर. आतून नवा येतो. जेवढं जोराने आणि वारंवार धुवाल तेवढा साठा लवकर संपेल, आणि मग चिकटपणा जाऊन आकसणं आणि तडे सुरू होतील. त्यामुळे एके काळी चिकट असलेली बाहुली आता कोरडी झाली म्हणजे बरी झाली असं समजू नका. ती पुढच्या टप्प्यावर गेलीय.

चाचणी सोपी आहे. पातळ टिश्यू पेपरचा तुकडा पायावर ठेवून बोटाने पाच सेकंद दाबा, उचला. कागदाचे तंतू चिकटून राहिले तर गळती चालू. स्पर्शाला कोरडं वाटलं तर टिश्यू रात्रभर खाली ठेवून सकाळी उजेडासमोर धरा. तेलाचा पारदर्शक ठिपका दिसतो. ज्यांना नोंदी ठेवायच्या असतील त्यांनी ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा घेऊन दर सहा महिन्यांनी वजन लिहावं. वजन सतत उतरत असेल तर प्लॅस्टिसायझर जातोय.

स्वच्छतेला कोमट पाणी, सौम्य साबणाचा एखादा थेंब, मऊ कापड. अल्कोहोल नको, तो प्लॅस्टिसायझर ओढून काढतो आणि चेहऱ्याचा रंगही घालवतो. अ‍ॅसिटोनचं तर नावच नको. एबीएस आणि पॉलिस्टायरीन त्यात विरघळतात. टाल्कम पावडर किंवा कॉर्नफ्लोअर भुरभुरवणं हा विकणाऱ्यांचा आवडता उपाय. पावडर तेल शोषून बसते, खाचांत राखाडी रेघा दिसतात आणि गळती चालूच राहते.

साठवणीत एक गोष्ट उलटी आहे. सगळ्या जुन्या वस्तूंना हवा लागू द्या असं आपण सांगतो, पण मऊ पीव्हीसीला मोकळी हवा नको. हवा खेळती असली की प्लॅस्टिसायझर उडत राहतो. काचेच्या किंवा पीईटीच्या (पाण्याच्या बाटल्यांचं प्लॅस्टिक) बंद डब्यात ठेवलं तर गळती मंदावते. पॉलिथिनची पिशवी मात्र नको, कारण पॉलिइथिलीन तो शोषून घेतं. खाली सिलिकॉनचा लेप असलेला बेकिंग पेपर अंथरावा.

सांधेवाला

याला जोडून: मऊ पीव्हीसी कधीही पॉलिस्टायरीन किंवा एबीएसला टेकवून ठेवू नका. गाडीचं मऊ टायर कडक पॉलिस्टायरीनच्या चाकावर वर्षानुवर्षं बसलं की प्लॅस्टिसायझर चाकात उतरतो आणि चाक वितळल्यासारखं होतं. टायर काढायला गेलं की चाकाचा थर निघून येतो. जुन्या जोडणीच्या गाड्या घेताना टायर आणि चाकाच्या सांध्यावर टोकदार लाकडी काडीने हलकेच चाचपून बघा. काडी रुतली तर वितळणं सुरू झालंय. खोक्यात टायर वेगळ्या कागदात गुंडाळून ठेवावीत.

आता धातू. बार्बी १९५९ साली आली, आणि सुरुवातीच्या बाहुल्यांमध्ये कानाभोवती हिरवा डाग हमखास दिसतो. कानातल्याच्या दांडीतलं तांबं आणि पीव्हीसी यांच्या संपर्काने तांब्याचे हिरवे क्षार होतात आणि मऊ प्लॅस्टिकच्या आत झिरपतात. पुसून जाणार नाहीत, ते आतच आहेत. १० टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइडचं मुरुमांवरचं मलम लावून बरेच दिवस ठेवलं की फिकं होतं, पण त्याच्या आजूबाजूची कांतीही फिकी पडते आणि खोलवरचा रंग पुन्हा वर येऊ शकतो. कानातलं काढून वेगळ्या पुडीत ठेवणं एवढंच खात्रीचं.

हॅस्ब्रोच्या मऊ घोड्यांमध्ये, म्हणजे ‘माय लिटल पोनी’च्या १९८०च्या दशकातल्या पहिल्या पिढीत, शेपटी आतून धातूच्या चकतीने अडकवलेली असते. घोडा पाण्यात बुडवून धुतला की पाणी आत राहतं, चकती गंजते आणि शेपटीच्या मुळाशी तांबूस डाग येतो. घेताना शेपटी बाजूला सारून मूळ बघा. धुवायचाच असेल तर डोकं काढून, आतून पूर्ण वाळवूनच परत बसवा.

अवांतर: घोड्यांच्या अंगावर येणाऱ्या तपकिरी ठिपक्यांना संग्राहक सर्रास ‘कॅन्सर’ म्हणतात. शब्द भयंकर असला तरी सगळे ठिपके एका कारणाचे नसतात. वरचा ठिपका ओल्या कानकाडीने पुसट झाला तर बुरशी किंवा मळ, तसूभरही हलला नाही तर आतला डाग.

नवखा_संग्राहक

सांधेवाला, तुमच्या नावाला जागून सांध्यांवरही लिहा ना.

सांधेवाला

लिहितो. हलणाऱ्या बाहुलीचा सांधा तपासताना थेट फिरवू नका. दिव्याखाली आधी पिनेभोवती बघा. जाळीसारखे बारीक तडे असतील तर फिरवल्याक्षणी तुकडा हातात येईल. तडे नसले तरी सांधा आखडलेला असू शकतो. केस वाळवायच्या यंत्राची मंद गरम हवा हातभर अंतरावरून अर्धा-एक मिनिट द्यायची, मग दोन्ही बाजूंनी धरून अंशाअंशाने हलवायचं. गरम पाणी वापरायचं तर ४० अंशांच्या वर नको.

जी. आय. जो या सैनिकी मालिकेच्या १९८२पासूनच्या पावणेचार इंची बाहुल्यांत धड आणि पाय यांना एक रबरी कडं धरून ठेवतं. कमरेचा धातूचा आकडा त्यात अडकलेला असतो. रबर आहे, ते सुकतं आणि तुटतं. बाहुली दोन तुकड्यांत आली तर घाबरू नका. पाठीचा एकमेव स्क्रू काढला की कडं बदलता येतं. मूळ कडं तुटलं हा मोठा दोष नाही, पण बदललेलं असेल तर सांगावं. खरा दोष म्हणजे कडं फार घट्ट बसवल्यामुळे तुटलेला कमरेचा तुकडा, आणि बंदूक कोंबून तुटलेला अंगठा. हे दोन भाग फोटोत आवर्जून मागा. स्क्रू काढताना जुन्या खाचेत नेमका बसणारा पेचकस घ्या, आणि परत लावताना आधी उलटा अर्धा फेरा फिरवा. ‘टक्’ असं जाणवलं की जुन्या आट्यात बसला, मग सुलटा. नाहीतर स्क्रू नवे आटे पाडतो आणि नळी उभी चिरते.

सैल सांध्यावर पातळ लेप देऊन तो घट्ट करतात. चालतं, पण तोही बदलच. सांध्याच्या कडेला पारदर्शक चमकदार फुगीर रेघ दिसली तर लेप दिलाय.

आणि ‘सोनेरी प्लॅस्टिक’. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या आणि नंतरच्याही काही ट्रान्सफॉर्मर्समध्ये (भाग फिरवून रूप बदलणारे यंत्रमानव) धातूची चमकी मिसळलेलं सोनेरी, नागमोडी छटांचं प्लॅस्टिक वापरलं. ते कालांतराने आपोआप भुगा होतं. १९८८चा ब्लॅक झराक हे नेहमीचं उदाहरण. अशा तुकड्याला सांधा असेल तर ‘न वापरलेला, सीलबंद’ याला फारसा अर्थ नाही, खोक्यात पडल्यापडल्याही तो तुटतो. जोडायचा म्हटलं तर गोंदाला धरायला पक्कं काही उरत नाही. घेतलात तर त्या भागाचं रूपांतर करून बघू नका, फक्त ठेवा.

भिंगरी

डागडुजी ओळखण्याबद्दल थोडं. ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च घ्या. ३९५चे स्वस्त मिळतात, पण त्यांचा जांभळा उजेड इतका पसरतो की बारीक फरक दिसत नाहीत. अंधारात बघितलं की बरेच इपॉक्सी गोंद निळसर-पांढरे उजळतात. नवा रंग जुन्या रंगापेक्षा वेगळा चमकतो, आणि चमकवणारी द्रव्यं घातलेला आधुनिक पांढरा कागद किंवा स्टिकर झगमगतो. झटपट चिकटणारा गोंद फारसा उजळत नाही. त्याची खूण साध्या उजेडातच मिळते, जोडाभोवती पसरलेलं पांढरं धुकं.

क्रोमसारखे चकचकीत भाग म्हणजे प्लॅस्टिकवर अ‍ॅल्युमिनियमचा अतिशय पातळ थर आणि त्यावर लाख. कडांवरून तो घासला जातोच. पुन्हा क्रोम केलेला भाग बारकाव्यांवर जाड दिसतो, आणि साच्याची शिवण लेपाखाली बुजते.

साच्यातल्या ढकलपिनांचे (तयार भाग बाहेर ढकलणाऱ्या पिनांचे) गोल ठसे, शिवण, जाड भागावर आलेला उथळ खळगा, भाग चौकटीतून तोडल्याचा ठिपका: या कारखान्यातून आलेल्या गोष्टी, नुकसान नव्हे. नवखे यांच्यावरच गुण कापतात.

नवखा_संग्राहक

मी तेच करत होतो :) पॉलिइथिलीनच्या सैनिकांबद्दल कुणी बोललंच नाही.

जुनीपेटी

कारण त्यांना उपाय नाही. १९६०-७०च्या दशकांतले मऊ छोटे सैनिक ऑक्सिडेशनने ठिसूळ होतात. साखळ्या तुटत जातात, आणि एके काळी दुमडता येणारी बंदूक बोट लागताच मोडते. आधी घोटे आणि बंदुकांची टोकं जातात. एकाच पिशवीत एका रंगाचे ठणठणीत आणि दुसऱ्या रंगाचे भुगा, असंही दिसतं. रंगद्रव्यानुसार फरक पडतो. वाकवून तपासू नका. पिशवीच्या तळाशी बघा: तुटकी टोकं, पावडर असेल तर तो सगळा गठ्ठा ठिसूळ समजा. वरून पातळ पीव्हीए (पांढरा) गोंद लावला तर रंग आणि भुगा जागेवर राहतो, ताकद येत नाही.

खटपट्या

बॅटरी गळलेली खेळणी?

रसायनी

थोडक्यात. अल्कलाइन सेलमधून पोटॅशियम हायड्रॉक्साइड गळतं, हवेत त्याचा पांढरा कार्बोनेट होतो. तो कानकाडीवर व्हिनेगर घेऊन पुसायचा. जुने झिंक-कार्बन सेल आम्लधर्मी गळतात, त्यांना खाण्याच्या सोड्याची पातळ पेस्ट. दोन्हींनंतर शुद्ध पाण्याच्या कानकाडीने पुसून पूर्ण वाळवा. एबीएसचं काही बिघडत नाही, जातात त्या पट्ट्या आणि तारा. तारेचं आवरण सोलून बघा, तांबं काळं पडलं असेल तर गंज आत बराच लांब गेलाय.

नवखा_संग्राहक

आता सेल्युलॉइड आणि अ‍ॅसिटेट. एकाच कपाटात सगळं ठेवलं तर खरंच बाकीच्यांना ‘लागण’ होते?

रसायनी

होते, शब्दशः. सेल्युलॉइडमधून नायट्रोजनची आम्लं बनवणारे वायू बाहेर पडतात, अ‍ॅसिटेटमधून अ‍ॅसेटिक आम्ल. ही आम्लं त्याच वस्तूचा पुढचा बिघाड वाढवतात आणि शेजारच्या धातूला, कापडाला, दुसऱ्या सेल्युलॉइडलाही खातात. बाहुलीच्या डोळ्यांची तार, कपड्यांची बटणं गंजलेली दिसली तर प्लॅस्टिककडे बघा. सेल्युलॉइडवर आतून उमटलेली चौकोनी जाळी, घाम आल्यासारखा ओलावा, आणि कापराऐवजी झोंबणारा वास म्हणजे शेवटचा टप्पा.

अ‍ॅसिटेटसाठी आम्लमापक पट्ट्या मिळतात, जुन्या फिल्म तपासायला वापरतात त्याच. वस्तू आणि पट्टी एका बंद पिशवीत २४ तास ठेवायची. निळी राहिली तर ठीक, हिरवी झाली तर बिघाड सुरू, पिवळी झाली तर तो पुढे गेलाय. वास येण्याची वाट बघू नका.

दोन्हींना पीव्हीसीच्या उलट वागणूक: थंड, कोरडी, खेळती हवा असलेली जागा, एकेक वस्तू वेगळी, आम्लरहित टिश्यूत सैल गुंडाळून, भोकं असलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात. जवळ सक्रिय कोळशाची पुडी. तापमान २० अंशांच्या खाली, आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास. सेल्युलॉइड खिडकीत किंवा दिव्याजवळ तर कधीच नाही. घाम सुटलेली बाहुली बाकी संग्रहातून त्याच दिवशी बाहेर काढा.

भिंगरी

गुणांकनाबद्दल एक इशारा. एएफएसारखी (अ‍ॅक्शन फिगर ऑथॉरिटी) खेळण्यांची अवस्था तपासणारी संस्था १०० पैकी गुण देते, ८५ म्हणजे ‘निअर मिंट प्लस’, जवळजवळ नवी, आणि वस्तू अ‍ॅक्रिलिकच्या पेटीत बंद करते. सी-१ ते सी-१० ही संग्राहकांची घरगुती मोजपट्टी त्याहून सैल. दोन्ही त्या दिवशी दिसलेली अवस्था सांगतात. पेटीवरचा ८५चा आकडा जुना असेल आणि आतली बाहुली मऊ पीव्हीसीची असेल, तर बाहुली आजच्या नजरेने बघायची. पेटी तिरकी करून टेकलेल्या जागी तेलाचा डाग आहे का बघा. कार्डावरच्या वस्तूत पारदर्शक प्लॅस्टिकचा फुगा पिवळा आहे का, कडेने उचलला गेलाय का, आणि चिकटवलेल्या रेषेबाहेर कागदाचे तंतू फाटलेत का. तंतू फाटून पुन्हा दाबलेले दिसले तर कार्ड उघडून परत बंद केलंय.

नवखा_संग्राहक

शेवटचं विचारतो. दुरून, फोटोवरूनच घ्यायचं असेल तर विकणाऱ्याकडे नेमकं काय मागायचं?

जुनीपेटी

ढगाळ दिवसाच्या उजेडात, फ्लॅशशिवाय, शेजारी पांढरा कोरा कागद ठेवून काढलेला फोटो. कागद पिवळट दिसत असेल तर खेळण्याच्या रंगावर काहीच बोलू नका. मग तोच तुकडा खिडकीकडे तिरका धरून, चकाकी दिसेल असा. बॅटरीचा कप्पा उघडून. सांधे पूर्ण वाकवलेले नकोत, पिना जवळून दिसतील असे. पायाचा ठसा.

प्रश्न लेखी विचारा आणि हो-नाही उत्तर येईल असे: हाताला चिकट लागतं का? कापराचा किंवा व्हिनेगरचा वास आहे का? पेरॉक्साइड, रंग, गोंद, लेप यांपैकी काही केलंय का? कोणते भाग बदललेत? ‘माझ्या माहितीप्रमाणे नाही’ असं उत्तर आलं तर ‘हो’ धरून किंमत ठरवा.

वस्तू आली की पहिले दोन आठवडे वेगळ्या डब्यात. डबा उघडताच पहिला श्वास घ्या, वास तेव्हाच सर्वांत स्पष्ट असतो. आणि हात धुवा. जुन्या पीव्हीसीत शिशाची स्थिरकं आणि जुन्या लाल-पिवळ्या प्लॅस्टिकमध्ये कॅडमियमची रंगद्रव्यं वापरली जात. संग्रहातलं खेळणं लहान मुलाच्या हातात द्यायचं नाही, पृष्ठभाग भुरभुरीत झाला असेल तर अजिबातच नाही.

सांधेवाला

आणि पाठवणाऱ्याला सांगा, रबरबँड लावू नका. वाटेतल्या गरमीत रबर पॉलिस्टायरीनवर कायमची रेघ उमटवतं. बबल रॅपचे फुगेही थेट मऊ पीव्हीसीवर नकोत, गोल ठसे राहतात. आधी टिश्यू, मग बबल रॅप, फुगे बाहेरच्या बाजूला.